नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन क्रियांत आपल्या मराठीने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. पहिली क्रिया बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी उरकते. दुसरी पुढे जन्मभर चालते. चारचौघांत न मिसळणाऱ्या मुलाला आपण घुम्या म्हणतो. एकच विषय धरून बसणारा तो एककल्ली, ठरलेली वेळ चुकली की बेचैन होणारा तो तऱ्हेवाईक, आणि लग्नाच्या मांडवातून पहिल्या पंगतीलाच काढता पाय घेणारा तो माणूसघाणा. बाईमाणसाच्या वाट्याला आणखी एक शब्द राखून ठेवलेला असतो. तिने नजरेला नजर दिली नाही, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांशी चार शब्द बोलली नाही, की ती 'शिष्ट' ठरते.

अशी नावे ठेवण्यात आपण कधी कसूर केली नाही. परंतु या माणसांपैकी काहींच्या स्वभावामागे जन्मापासूनची एक निराळी घडण असते, आणि त्या घडणीला नाव ठेवावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. इंग्रजीत तिला ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द रुळला आहे. ते नाव कोठे जन्मले, किती वाकडी वाट चालून आले, आणि आमच्या कळंबसारख्या समुद्रकाठच्या गावातील एखाद्या माणसाला ते चाळिशी उलटल्यावर मिळवावयाचे झाले तर काय करावे लागते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

शब्द प्रथम घडविला तो ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोवैद्याने, १९११ च्या सुमारास. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून त्याने 'ऑटिझम' केला. पण त्याच्या मनात लहान मुले नव्हती. स्किझोफ्रेनिया हे नावही त्याचेच; त्या आजाराचे रोगी बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आपल्याच विचारांत बुडून जातात, त्या अवस्थेसाठी त्याने हा शब्द योजिला होता. म्हणजे नाव आधी एकाचे होते आणि पुढे दुसऱ्याला चिकटले. त्यामुळे स्वमग्न मुलाला वेडाच्या आजाराच्या रांगेत उभे करण्याची खोड वैद्यकाला पुष्कळ वर्षे लागून राहिली.

पुढील हकीकत तीन शहरांतली आहे. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी सहा मुलगे न्याहाळले आणि १९२५ मध्ये रशियन भाषेत, १९२६ मध्ये जर्मन भाषेत त्यांचे वर्णन छापले. एकलकोंडी, ठराविक क्रमाला घट्ट धरून बसणारी, आवाजाला बिचकणारी, एखाद्या विषयात मात्र पारंगत अशी ती मुले होती. आजचा डॉक्टर ते वर्णन वाचताच ओळखेल. पण बाईंचा निबंध कपाटात पडून राहिला. इंग्रजीत तो आला १९९६ साली. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी चार मुलग्यांविषयी लिहिले. मान कॅनर यांना मिळाला. आस्पर्गर यांचे लेखन महायुद्धाच्या धुरळ्यात हरवले. त्यांच्या नावामागची काळी बाजूही पुढे उजेडात आली: नात्सी अमलात त्यांनी काही मुलांना ज्या संस्थेकडे धाडले तेथे अपंग मुले मारली जात होती, हे जुन्या दप्तरांवरून २०१८ मध्ये पुढे आले.

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिल्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. डोनाल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी राज्यातील एका लहान गावचा, १९३३ चा जन्म. त्याच्या वडिलांनी १९३८ मध्ये मुलाच्या वागण्याविषयी डॉक्टरांना तेहतीस पानांचे टाचण पाठविले होते. या विकाराचा आधुनिक इतिहास एका बापाच्या त्या तेहतीस पानांपासून सुरू होतो म्हणावयास हरकत नाही. मुलाला आधी एका संस्थेत ठेवले होते; आईबापांनी त्याला परत घरी आणले. डोनाल्ड पुढे कॉलेजात शिकला, गावातल्याच बँकेत नोकरीला राहिला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला, आणि २०२३ मध्ये एकोणनव्वद वर्षांचा होऊन वारला. गावाने त्याला त्याच्या तऱ्हेसकट आपला मानले होते. तज्ज्ञांना जे साधले नाही ते कधीकधी गाव साधते.

तज्ज्ञांनी त्याच काळात काय केले, ते मात्र वाचताना आजही अंगावर काटा येतो. या मुलांचे आईबाप थंड वृत्तीचे असतात, अशी टिप्पणी कॅनर यांनीच केली होती. तिचे पुढे शास्त्र झाले. आईने माया दिली नाही म्हणून मूल स्वतःत मिटून गेले, असे म्हणून अशा आईला 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणू लागले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये याच मताचा मोठा ग्रंथ लिहिला आणि तो लोकांनी डोक्यावर घेतला. एका पिढीच्या आया आपल्या लेकरासाठी डॉक्टरांच्या दारी गेल्या आणि आरोपी होऊन परतल्या.

या मताला पहिला दणका दिला तो बर्नार्ड रिमलंड यांनी. हे गृहस्थ अमेरिकेच्या नौदलातील मानसशास्त्रज्ञ, आणि स्वतः अशा एका मुलाचे वडील. मूळ आईच्या मायेत नाही, शरीराच्या घडणीत आहे, असे त्यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात मांडले. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी इंग्लंडमध्ये जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. निराळ्या बीजांच्या दहा जोड्यांत एकही तशी निघाली नाही. आकडा लहान खरा, पण त्याने दिशा बदलली. पुढच्या संशोधनाने आनुवंशिकतेचा भाग मोठा असल्याचे पक्के केले. आईवरचा खटला तेव्हापासून काढून घेतला गेला; निदान शास्त्राच्या न्यायालयात तरी.

आता आपण मोठ्या माणसांकडे वळू. कॅनर यांची मुले मोठी होणारच होती, पण पुस्तकांना त्याची दखल नव्हती. अमेरिकन मनोवैद्यांच्या १९८० च्या निदानग्रंथातही नाव होते ते 'शैशवातील ऑटिझम' असे. जणू काही शैशव संपले की हा माणूसही संपतो! ज्याला बोलता येते, जो शाळा शिकतो, नोकरी करतो, तो त्या व्याख्येत मावतच नव्हता.

ही भिंत पाडली लंडनच्या लॉर्ना विंग यांनी. त्याही मनोवैद्य आणि एका स्वमग्न मुलीच्या आई. ज्युडिथ गूल्ड यांना बरोबर घेऊन त्यांनी लंडनच्या कँबरवेल भागातील मुलांची पाहणी केली आणि १९७९ मध्ये दाखवून दिले, की कॅनर यांच्या चौकटीत न बसणारी पण त्याच जातकुळीची मुले कितीतरी आहेत. १९८१ मध्ये त्यांनी आस्पर्गर यांचा विसरलेला निबंध पुन्हा लोकांसमोर आणला. इंद्रधनुष्यात तांबडा कोठे संपला आणि नारिंगी कोठे सुरू झाला हे जसे बोट ठेवून सांगता येत नाही, तसेच या स्थितीचे आहे, हा विचार रुजला तो त्यांच्यामुळे. २०१३ च्या अमेरिकन ग्रंथाने सारे पोटभेद एकाच वर्णपटात घेतले. त्याच ग्रंथात एक वाक्य असे आले, की ज्याने कित्येक प्रौढांना दार उघडून दिले. लक्षणे बालपणापासूनची असली पाहिजेत, पण ती पुरती दिसून येतील ती संसाराचा व समाजाचा बोजा माणसाच्या शक्तीबाहेर गेल्यावर, किंवा शिकून घेतलेल्या वागण्याखाली ती झाकलीही जातील, असा त्याचा आशय. आवाज, उजेड, स्पर्श यांचा अतिरेकी त्रास हेही त्यात लक्षण म्हणून नोंदले गेले.

अशी झाकलेली माणसे किती असावीत? इंग्लंडमध्ये २००७ साली घरोघर जाऊन प्रौढांची पाहणी झाली. शंभर प्रौढांत सुमारे एक स्वमग्न निघाला. आणि या पाहणीत सापडलेल्यांपैकी एकालाही पूर्वी कोणी तसे सांगितलेले नव्हते. तेथे २००९ मध्ये प्रौढ स्वमग्नांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. आपल्याकडे पाच ठिकाणच्या मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. तेथेही प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पण ती पाहणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची. ज्यांचे वय आज चाळीस-पन्नास आहे, ते आपल्या देशात कोणी मोजलेलेच नाहीत म्हटले तरी चालेल.

आपल्या बाजूचा इतिहासही पाहू. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. घराला न झेपणाऱ्या माणसाची वाट तिकडे जाई, आणि तेथे कागदावर लिहिण्याजोगे शब्द दोनचारच होते. मुंबईत १९३७ मध्ये टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय काढले. १९४४ मध्ये मंदबुद्धी म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी जय वकील शाळा निघाली. या वाटा मुलांसाठी होत्या, आणि त्या काढणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. १९९१ मध्ये दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था एका आईच्या धडपडीतून उभी राहिली. २००१ मध्ये मुंबईत 'उम्मीद' हे बालविकास केंद्र निघाले. कायद्याची गती अर्थातच बैलगाडीची. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार मोजले, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले, त्यांत तिला पक्की जागा मिळाली, आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांतही तिचा वाटा ठरला.

सवलतींसाठी अपंगत्व शेकडा चाळीस भरावे लागते. ते मोजण्याची आपली देशी फूटपट्टी २००९ मध्ये तयार झाली: चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तरच्या खाली गेली तर स्वमग्नता नाही असे धरावयाचे. ही पट्टी मुलांना आणि तरुणांना समोर ठेवून केलेली. जी बाई तीस वर्षे माणसांत वावरण्याचे धडे घोकून आली आहे, ती तिच्यावर सत्तरच्या खालीच उतरण्याचा संभव फार. म्हणून निदान निराळे आणि दाखला निराळा, ही खूणगाठ प्रत्येकाने आधी बांधावी.

हे सारे मी एवढ्या आस्थेने का सांगते, असे वाचक विचारतील, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मी वैद्य नाही. शाळेत मुले शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंबईतील एका रुग्णालयात मला हे नाव मिळाले. माझे यजमान म्हणाले होते, "संसार झाला, नोकरी चालली आहे, पुस्तके छापून आली. आता हे कशाला?" प्रश्न प्रेमाचा होता आणि व्यवहाराचाही. पण शाळा सुटल्यावर घरी येऊन रोज तासभर अंधाऱ्या खोलीत का पडावे लागते, याचे उत्तर मला आळस, नाटक आणि शिष्टपणा या तिहींपलीकडे हवे होते.

या निदानाला रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो नाही. डॉक्टर बोलतात, पाहतात आणि मागचे विचारतात. चिंता, खिन्नता, एखाद्या गोष्टीचा मंत्रचळ किंवा नुसता लाजाळूपणा यांपैकी काही नाही ना, हे एकेक करून चाळून घ्यावे लागते, आणि यात अनेक खेपा होतात. प्रश्नावल्या बहुधा विलायतेहून आलेल्या. तेथील एका प्रसिद्ध प्रश्नावलीत पन्नास प्रश्न आहेत. पार्टीपेक्षा ग्रंथालयात जाणे आवडेल का, अशा धर्तीचे. कळंबच्या माणसाला पार्टी कोठून आणावी? आमच्याकडे हळद असते, साखरपुडा असतो, जत्रा असते. आणि तेथे जाणे आवडते का, हे आजवर कोणी कोणाला विचारलेले नाही. जावयाचे असते म्हणून जावयाचे! सुज्ञ डॉक्टर असा प्रश्न आपल्या रिवाजात बसवून घेतात. सगळ्यांच्या नशिबी सुज्ञ डॉक्टर असतातच असे नाही.

सर्वांत अवघड असते ती बालपणाची साक्ष. तीनचार वर्षांच्या वयात हा माणूस कसा होता, हे सांगणारे कोणी तरी हवे असते. पन्नाशीच्या माणसाचे साक्षीदार बहुधा स्वर्गवासी झालेले. मग जुन्या प्रगतिपुस्तकातले शेरे शोधा, थोरल्या बहिणीला विचारा. माझे दैव बरे, की आई होती. नालासोपाऱ्यापर्यंत बस आणि पुढे विरारची लोकल, असा प्रवास सत्तरी ओलांडलेल्या माउलीने माझ्यासाठी केला. तिने सांगितले, की किनाऱ्यावर इतर पोरे पाण्यात धावत तेव्हा ही शिंपले लहानमोठे असे ओळीने लावीत बसे, आणि ओळ कोणी मोडली की जेवत नसे. दिवाळीचा नवा फ्रॉक टोचतो म्हणून रडे. फटाके वाजू लागले की धान्याच्या कणगीमागे जाऊन बसे. सारे सांगून झाल्यावर तिने डॉक्टरांना हळूच विचारले, "माझ्याकडून काही चुकलं का हो?"

डॉक्टर म्हणाल्या, "नाही."

तो एक शब्द उच्चारण्याचा अधिकार वैद्यकाने किती वर्षांनी आणि किती आयांना रडवून मिळविला, हे मला ठाऊक होते. आईला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती परतीच्या गाडीत खिडकीशी बसून निवांत झोपली.

मुलींची ओळख उशिरा पटते, हे आता जगभर मानले जाते. ज्यांची निदाने होतात त्यांत मुलगे पुष्कळ अधिक, त्याचे एक कारण हे, की मुली पाहून पाहून वागणे उचलतात. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. मुलगा बोलेना की घरात काळजी. मुलगी बोलेना की कौतुक. किती शांत पोर, अगदी गरीब गाय! जे लक्षण म्हणून दिसावे ते वळण म्हणून गौरविले जाते. मग सासरी तेच मौन शिष्टपणा ठरते, आणि मधल्या काळात त्या मुलीने काय सोसले याची नोंद कोठेच राहत नाही.

"आता कशाला" याचे उत्तर मला आमच्याच मुलुखात सापडते. सोपाऱ्याला बुरूड राजाच्या कोटाजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. त्याच सुमारास त्यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन हजार वर्षांवर तो दगड येथे होता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीची उकल केली नसती, तर पंडितजींच्या हाती आलेला तो नुसता खरवडलेला दगडच राहिला असता. वाचल्याने दगड बदलला नाही. अक्षरे होती तीच राहिली. फरक एवढाच पडला, की त्याला ओबडधोबड म्हणणे लोकांनी सोडले. चाळिशीनंतरचे निदान माणसाला असेच वाचते.

त्याचा भाबडा उदोउदोही नको. स्वमग्नतेवर औषध नाही, आणि ती रोग म्हणून घालवावयाची वस्तूही नाही, असे स्वतः स्वमग्न असलेली पुष्कळ माणसे गेली तीसेक वर्षे सांगत आली आहेत. तरी ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना सदैव आधार लागतो, त्यांच्या घरांचे ओझे या बोलण्याने हलके होत नाही; दोन्ही एकाच वर्णपटावर आहेत म्हणून दोघांचे दुःख एक होत नाही. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफिती पाहून स्वतःला किंवा जावयाला हे नाव देऊन मोकळे होण्याची घाईही बरी नव्हे. ते पुन्हा नावे ठेवणेच झाले. आणि लस टोचल्याने हे होते, ही १९९८ ची आवई ज्या निबंधाने उठविली तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला आहे. ती तेवढी घरोघरी सांगावी.

मग मिळते काय? मला मिळाली ती मोजकी पण उपयोगाची चीजवस्तू. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या गजबजलेल्या खोलीऐवजी मी ग्रंथालयात बसते, आणि त्याचे कारण कोणाला खोटे सांगत नाही. वर्गात कान झाकणाऱ्या मुलाला मी आता उभे करीत नाही. त्याला खिडकीजवळची जागा देते आणि धडा फळ्यावरही लिहिते. सासूबाईंनी 'शिष्ट' हा शब्द सोडला आहे. 'तिला गलका सोसत नाही' असे त्या आल्यागेल्याला सांगतात. वाक्य साधे आहे, पण त्यात आरोप नाही.

हा अंक हाती येईल तेव्हा घरोघर दिवे लागले असतील. पहाटेचे उटणे, नवे कपडे, फटाके, पाहुण्यांची वर्दळ, हे सारे ज्याला आनंदाचे त्याला आनंदाचेच असो. पण एखाद्या घरी कोणी मामा, कोणी आत्या, कोणी थोरला मुलगा पाहुणे येताच आतल्या खोलीत जाऊन बसतो. त्याला हाका मारमारून बाहेर ओढण्याची आपली रीत आहे, आणि ती मायेपोटीच आहे. यंदा एवढे करून पाहावे: फराळाचे ताट त्याच्या खोलीत नेऊन द्यावे, चकलीचा तुकडा मोडून आपणही घटकाभर न बोलता शेजारी बसावे, आणि निघताना दार हलकेच ओढून घ्यावे.